‘अल्पमती’ आचार्य हरिभद्रसूरी

इसवी सनाच्या आठव्या शतकात चित्रकूट, म्हणजे आजच्या राजस्थानातील चितोड येथे, आचार्य हरिभद्रसूरी होऊन गेले. परंपरा त्यांच्या नावावर १४४४ प्रकरणग्रंथ सांगते. आगमांवर संस्कृतात टीका लिहिण्याचा पायंडा त्यांनीच पाडला. न्याय, योग, कथा, आचार, उपदेश असे साहित्याचे एकही दालन त्यांच्या लेखणीने वगळलेले नाही. अशा या आचार्यांनी आवश्यकसूत्रावरील आपल्या ‘शिष्यहिता’ नावाच्या टीकेच्या अखेरीस स्वतःची ओळख करून देताना दोन विशेषणे योजली आहेत. पहिले ‘याकिनीमहत्तरासूनू’, म्हणजे याकिनी महत्तरा या साध्वीजींचा धर्मपुत्र. आणि दुसरे ‘अल्पमती’, म्हणजे थोड्या बुद्धीचा.

ग्रंथाच्या शेवटी विनयाचे दोन शब्द लिहिण्याची रीत पूर्वीच्या पंडितांमध्ये होतीच. तेव्हा ‘अल्पमती’ हाही त्या रीतीचाच एक भाग असावा, असे कोणी म्हणेल. परंतु हरिभद्रसूरींचे चरित्र आणि ही टीका ज्या ग्रंथावर लिहिली गेली तो ग्रंथ, या दोहोंचा संबंध ध्यानात घेतला की त्या एका शब्दाला वेगळेच वजन प्राप्त होते.

राजपुरोहिताची प्रतिज्ञा

हरिभद्रसूरींचे चरित्र मुख्यतः नंतरच्या प्रबंधग्रंथांतून आपल्यापर्यंत आले आहे. त्यांपैकी प्रभाचंद्रसूरींचे ‘प्रभावकचरित’ इसवी सन १२७८ मधील, म्हणजे हरिभद्रसूरींनंतर सुमारे पाचशे वर्षांनी लिहिलेले आहे. त्यामुळे त्यातील प्रत्येक तपशील इतिहास म्हणून घेता येत नाही. तरीही कथेचा गाभा स्वतः आचार्यांच्या शब्दांशी जुळणारा आहे, हे पुढे दिसून येईल.

प्रबंधकार सांगतात की, हरिभद्र हे चित्रकूटच्या जितारी राजाचे पुरोहित होते. चौदा विद्यांत ते पारंगत होते. ज्ञानाच्या भाराने पोट फुटू नये म्हणून ते पोटावर सुवर्णाचा पट्टा बांधीत आणि जंबुद्वीपात आपल्यासारखा दुसरा कोणी नाही हे दाखविण्यासाठी हाती जांभळाची फांदी बाळगीत. मात्र या अभिमानी पंडिताने एक प्रतिज्ञाही केली होती. ज्याचे बोलणे आपल्याला समजणार नाही, त्याचे शिष्यत्व आपण पत्करू, अशी ती प्रतिज्ञा होती.

ही प्रतिज्ञा वरवर पाहता गर्वाचीच वाटते. आपल्याला न समजणारे असे जगात काही असेल, यावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणूनच त्यांनी ती केली असावी. पण तिच्यात एक सचोटीही होती. आपल्या ज्ञानाला सीमा असू शकते, आणि ती दिसली तर आपण मान वाकवू, हे त्यांनी आधीच कबूल करून ठेवले होते. बहुतेक माणसांचा गर्व एवढीही फट ठेवत नाही.

एक साधी गाथा

एके दिवशी राजमार्गाने जात असता जैन उपाश्रयातून एका वृद्ध साध्वीजींचा स्वर त्यांच्या कानी पडला. त्या आवश्यकनिर्युक्तीतील एका प्राकृत गाथेचे पुनरावर्तन करीत होत्या. पुरोहितजी थबकले. प्राकृत त्यांना येत होते, शब्दही ओळखीचे होते, पण अर्थ लागेना. गाथेत वारंवार येणाऱ्या ‘च’काराची त्यांनी प्रथम थट्टा केली, असे प्रबंधकार लिहितात. पण थट्टेने अर्थ उलगडला नाही.

ती गाथा तत्त्वज्ञानाची नव्हती. तिच्यात गूढ असे काहीच नव्हते. या अवसर्पिणी काळात झालेले बारा चक्रवर्ती आणि नऊ वासुदेव कोणत्या क्रमाने झाले, एवढेच तिच्यात सांगितले आहे. प्रथम दोन चक्रवर्ती, मग पाच वासुदेव, मग पाच चक्रवर्ती, पुढे एक वासुदेव आणि एक चक्रवर्ती, पुन्हा एक वासुदेव आणि एक चक्रवर्ती, नंतर एक वासुदेव, दोन चक्रवर्ती, एक वासुदेव आणि शेवटी एक चक्रवर्ती. पाठशाळेत जाणारे मूलही बोटे मोजून हा हिशेब पुरा करील.

अडचण शब्दांच्या संकेतात होती. गाथेत वासुदेवांसाठी ‘हरि’ आणि ‘केशव’ हे शब्द आले आहेत. वैदिक पंडिताच्या दृष्टीने हरी आणि केशव ही एकाच देवाची नावे. मग हरी पाच कसे, आणि केशव पुन्हा पुन्हा कसा येतो? सगळी व्याकरणशास्त्रे आणि सगळा न्याय येथे उपयोगी पडेना, कारण गाथेची किल्ली ज्या परंपरेत होती त्या परंपरेशी त्यांचा परिचय नव्हता. पूर्वीच्या बाजारपेठेत दलाल आणि व्यापारी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. त्या पेठेत नवखा आलेला मोठ्यातला मोठा गणितीही तो भाव सांगू शकला नसता. गणित त्याला येत होते, संकेत ठाऊक नव्हता.

विद्वान माणसाला आपल्या ज्ञानाची सीमा बहुधा अशाच साध्या ठिकाणी भेटते. अवघड प्रश्नापुढे हरणे त्याला मान्य असते, कारण अवघड प्रश्नापुढे सगळेच हरतात. दुसऱ्याला सहज येणारी गोष्ट आपल्याला येत नाही, हे कबूल करणे मात्र फार जड जाते. हरिभद्रांनी ते कबूल केले. त्यांनी त्या साध्वीजींना अर्थ विचारला आणि आपल्याला शिष्य करून घ्यावे अशी विनंती केली. याकिनी महत्तरांनी साध्वीधर्माच्या मर्यादेला धरून त्यांना आचार्य जिनभटसूरींकडे पाठविले. तेथे अर्थ कळला आणि राजपुरोहित दीक्षा घेऊन मुनी झाले.

पूर्वी याच पुरोहिताने जिनमूर्ती पाहून उपहासाचा एक श्लोक रचला होता, अशीही कथा आहे. मुनी झाल्यावर त्यांनी त्याच श्लोकाचा शेवट बदलला आणि उपहासाची स्तुती झाली. मूर्ती तीच होती आणि पाहणारे डोळेही तेच होते. आपण जे पाहतो ते पूर्ण पाहतो, हा भ्रम तेवढा गळून पडला होता.

आईचे नाव लावणारा आचार्य

येथे कथा आणि इतिहास एकमेकांना भेटतात. ‘प्रभावकचरित’ बाजूला ठेवले, तरी हरिभद्रसूरींचे स्वतःचे शब्द उरतात. दीक्षागुरू जिनदत्तसूरी आणि ज्यांच्या आज्ञेत ते वागत ते जिनभटसूरी, या दोघांचाही उल्लेख ते आदराने करतात. परंतु स्वतःला पुत्र म्हणवून घेतात ते याकिनी महत्तरांचे. एका ग्रंथात नव्हे, तर अनेक ग्रंथांत ही ओळख आली आहे. त्या काळच्या विद्वत्सभांतून वावरणाऱ्या, वादविवादात भल्याभल्यांना निरुत्तर करणाऱ्या एका आचार्याने आपल्या नावामागे एका साध्वीचे नाव कायमचे लावून घेतले. याकिनी महत्तरांचे नाव आज बाराशे वर्षांनंतरही टिकून आहे, ते या कृतज्ञतेमुळेच.

आणि ज्या टीकेच्या शेवटी ‘याकिनीमहत्तरासूनू’ आणि ‘अल्पमती’ हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आले आहेत, ती टीका आहे आवश्यकसूत्रावरील. चक्रवर्ती आणि वासुदेवांची ती गाथा ज्या आवश्यकनिर्युक्तीत आहे, तिचेही विवरण याच टीकेत आहे. एके काळी रस्त्यात उभे राहून ज्या ग्रंथाची एक ओळ कळली नव्हती, त्याच ग्रंथाचे भाष्यकार म्हणून हरिभद्रसूरी ओळखले जाऊ लागले. तरीही ते भाष्य पुरे करून लेखणी खाली ठेवताना त्यांनी स्वतःला ‘अल्पमती’ म्हटले. त्या शब्दात रस्त्यातल्या त्या क्षणाची आठवण असेल, असे मानण्यास निश्चितच जागा आहे.

गणधर गौतम आणि आनंद श्रावक

हरिभद्रसूरींच्या या नम्रतेला आगमातच एक थोर पूर्वाधार आहे. ‘उपासकदशांग’ सूत्राच्या पहिल्या अध्ययनात वाणिज्यग्रामच्या आनंद गाथापतीची कथा येते. आनंद मोठा सधन गृहस्थ होता. चार कोटी सुवर्णमुद्रा निधीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरप्रपंचात, आणि प्रत्येकी दहा हजार गाईंचे चार गोव्रज, असे त्याच्या संपत्तीचे वर्णन आहे. भगवान महावीरांकडून त्याने बारा व्रते स्वीकारली. पुढे ज्येष्ठ पुत्रावर भार सोपवून त्याने श्रावकाच्या अकरा प्रतिमा आराधिल्या आणि अखेरीस संलेखना घेतली. त्या अवस्थेत त्याला अवधिज्ञान झाले.

गणधर गौतमस्वामी भिक्षेसाठी त्या बाजूला आले असता आनंदाची वार्ता ऐकून त्याच्याकडे गेले. आनंदाने आपल्याला झालेल्या ज्ञानाचा विस्तार सांगितला. गृहस्थाला एवढे विशाल अवधिज्ञान होऊ शकत नाही, असे गौतमस्वामींना वाटले आणि त्यांनी आनंदाला या विधानाची आलोचना करून प्रायश्चित्त घेण्यास सांगितले. आनंदाने विनयाने विचारले की, जिनशासनात सत्य बोलणाऱ्याला प्रायश्चित्त असते काय? नसेल, तर आलोचना आपणच करावी.

गौतमस्वामी साशंक मनाने भगवंतांकडे परतले. भगवंतांनी निर्णय दिला की, आनंदाचे म्हणणे खरे आहे. गौतमाने आलोचना करावी आणि आनंदाची क्षमा मागावी. चौदा पूर्वांचे ज्ञाते, चार ज्ञानांचे धनी, भगवंतांचे प्रथम गणधर उठले आणि एका व्यापारी गृहस्थाच्या दारी जाऊन त्याला खमावून आले.

या प्रसंगात गौतमस्वामींचे ज्ञान खोटे नव्हते, ते अपुरे होते. छद्मस्थ अवस्थेतील प्रत्येक ज्ञान, कितीही मोठे असले तरी, कोठेतरी अपुरेच असते. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात बावीस परीषह सांगितले आहेत. त्यांत ‘अज्ञान’ हा परीषह आहे आणि ‘प्रज्ञा’ हाही परीषह आहे. अज्ञानाचे दुःख सोसावे लागते, तसा बुद्धीचा गर्वही सोसून जिंकावा लागतो. आणि हे दोन्ही परीषह एकाच ज्ञानावरणीय कर्मातून उत्पन्न होतात, असे सूत्रकार उमास्वाती सांगतात. ज्याला काही येत नाही त्याच्यावर जे आवरण आहे, तेच आवरण आपल्याला सर्व येते असे मानणाऱ्यावरही आहे. चितोडच्या पुरोहिताचा सुवर्णपट्टा हे त्याच आवरणाचे दृश्य रूप म्हणावे लागेल.

क्रोधाची कसोटी

एकदा मान वाकली म्हणजे ती कायमची नम्र झाली असे नाही. हरिभद्रसूरींच्या चरित्रात याची साक्ष देणारा एक प्रसंग आहे. त्यांचे दोन शिष्य बौद्धांच्या विद्यापीठात शिकण्यासाठी गुप्तपणे गेले आणि उघडकीस आल्यावर प्राणास मुकले. ‘प्रभावकचरित’ त्यांची नावे हंस व परमहंस अशी देते, तर त्याहून जुन्या ‘कहावली’त जिनभद्र व वीरभद्र ही नावे आहेत. पुढे सांगतात की, शोकाने आणि क्रोधाने पेटलेल्या आचार्यांनी बौद्धांच्या संहाराचा संकल्प केला. तेव्हा गुरूंनी समरादित्याच्या पूर्वभवांचे सूचन करणाऱ्या गाथा पाठविल्या. एका जन्मातील वैर नऊ जन्मांपर्यंत कसे पुरते, हा त्या गाथांचा आशय. त्या वाचून आचार्यांचा क्रोध शमला, त्यांनी प्रायश्चित्त म्हणून ग्रंथरचना आरंभिली आणि ‘समराइच्चकहा’ ही प्राकृत महाकथा अवतरली.

दंतकथेचा भाग वगळला, तरी त्यांचे ग्रंथ काय सांगतात ते स्पष्ट आहे. ‘षड्दर्शनसमुच्चय’ या अवघ्या ८७ श्लोकांच्या ग्रंथात त्यांनी बौद्ध, न्याय, सांख्य, जैन, वैशेषिक आणि जैमिनीय या दर्शनांचा परिचय करून दिला, तो कोणावरही टीका न करता. बौद्धांच्या ‘न्यायप्रवेश’ या तर्कग्रंथावर त्यांनी स्वतः टीका लिहिली. बुद्धाचा उल्लेख ते महामुनी म्हणून करतात. आपला महावीरांविषयी पक्षपात नाही आणि कपिलादिकांविषयी द्वेष नाही, युक्तीला जे पटेल ते स्वीकारावे, अशी भूमिका त्यांनी निःसंकोच मांडली.

‘योगदृष्टिसमुच्चया’त ते आणखी एक पाऊल पुढे जातात. इंद्रियांपलीकडील गोष्टींचा निर्णय केवळ तर्काने होण्यासारखा असता, तर इतक्या काळात विद्वानांनी तो केव्हाच लावला असता, असे ते म्हणतात. कपिल, बुद्ध आदींचा उपदेश भिन्न दिसतो तो कदाचित त्यांच्या शिष्यांच्या पात्रतेनुसार भिन्न असेल. आपल्यासारख्या मर्यादित दृष्टीच्या माणसांनी त्यांचा अभिप्राय न जाणता निषेध करणे म्हणजे आंधळ्याने चंद्र नाकारणे होय. हे लिहिणारा माणूस एके काळचा वादपटू नैयायिक होता. तर्काची शक्ती त्याला पूर्ण ठाऊक होती, म्हणूनच तर्क कोठे थांबतो हे तो सांगू शकला. अनेकांतवाद अनेकांनी सिद्ध केला. हरिभद्रसूरींनी तो परमताविषयी बोलताना पाळून दाखविला.

काळनिर्णयाची कथा

हरिभद्रसूरींचा बोध त्यांच्याविषयी संशोधन करणाऱ्यांनाही लाभला, हा एक सुंदर योगायोग आहे, आणि त्याचा संबंध पुण्याशी आहे.

परंपरेने हरिभद्रसूरींचा स्वर्गवास विक्रम संवत ५८५, म्हणजे इसवी सन ५२९ च्या सुमारास मानला होता. उलट, जर्मनीतील बॉन विद्यापीठाचे प्राध्यापक हर्मन याकोबी यांनी त्यांना नवव्या शतकात आणून ठेवले होते. याकोबी हे साधे विद्वान नव्हेत. जैन धर्म बौद्ध धर्माची शाखा नसून स्वतंत्र व प्राचीन धर्म आहे, हे त्यांनी १८७९ साली कल्पसूत्राच्या प्रस्तावनेत सप्रमाण दाखविले होते. त्यांच्या या मताचा आधार होता सिद्धर्षी. ‘उपमितिभवप्रपंचा कथा’ इसवी सन ९०६ मध्ये पूर्ण करणाऱ्या सिद्धर्षींनी हरिभद्रसूरींना आपले धर्मबोधकर गुरू म्हटले आहे. गुरू म्हणजे समकालीन, असा अर्थ त्यातून काढला गेला.

१९१९ च्या नोव्हेंबरात पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद भरली. तीत मुनी जिनविजयजींनी हरिभद्राचार्यांच्या काळनिर्णयावर संस्कृत निबंध सादर केला. मेवाडात १८८८ साली जन्मलेल्या या मुनींपाशी कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. त्यांनी हरिभद्रसूरींचे ग्रंथ तपासून त्यांत धर्मकीर्ती, भर्तृहरी, कुमारिल अशा सातव्या शतकापर्यंतच्या विद्वानांचे उल्लेख दाखविले. त्यामुळे सहाव्या शतकाची पारंपरिक तिथी टिकेना. दुसऱ्या बाजूने, जालोर येथे शके ७०० संपण्यास एक दिवस बाकी असता, म्हणजे इसवी सन ७७९ मध्ये, पूर्ण झालेल्या ‘कुवलयमाला’ कथेत उद्योतनसूरींनी हरिभद्रसूरींना आपले न्यायशास्त्राचे गुरू म्हटले आहे, हे त्यांनी पुढे ठेवले. त्यामुळे नवव्या शतकाचेही मत टिकेना. जमेची आणि नावेची बाजू जुळवून ताळा मिळावा, तसा इसवी सन ७०० ते ७७० हा काळ निश्चित झाला. सिद्धर्षींचे गुरुत्व प्रत्यक्ष भेटीचे नसून ‘ललितविस्तरा’ या हरिभद्रकृत ग्रंथातून लाभलेल्या बोधाचे होते, हेही उलगडले.

याच ‘कुवलयमाले’त निरनिराळ्या देशांच्या व्यापाऱ्यांनी गजबजलेल्या बाजाराचे वर्णन असून त्यात मरहट्ट व्यापाऱ्यांच्या बोलीचा नमुना आला आहे. मराठी भाषेच्या प्राचीनतेच्या चर्चेत तो नेहमी सांगितला जातो. ग्रंथाची एक कागदी प्रत पुण्याच्या भांडारकर संस्थेत आहे आणि १९५९ साली त्याची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली ती कोल्हापूरच्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी.

मुनीजींच्या निबंधाचा परिणाम पाहण्यासारखा झाला. १९२६ साली प्राध्यापक याकोबींनी ‘समराइच्चकहा’ संपादून प्रसिद्ध केली, तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी आपले पूर्वीचे मत सोडून जिनविजयजींचा निर्णय स्वीकारला. त्या वेळी याकोबी ७६ वर्षांचे होते आणि त्यांची कीर्ती जगभर पसरलेली होती. मुनीजींनीही तेवढाच मोठा त्याग केला होता. शतकानुशतके आपल्या संघात मान्य असलेली तिथी प्रमाणाला उतरत नाही, हे एका जैन मुनीने स्वतः भर सभेत सांगितले होते. एकाने स्वतःचे मत सोडले, एकाने परंपरेची तिथी सोडली, आणि हरिभद्रसूरींना त्यांचे खरे शतक परत मिळाले.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने

गौतमस्वामींना त्यांची चूक एका गृहस्थाने दाखविली, हरिभद्रांना एका साध्वीने, याकोबींना पदवी नसलेल्या एका मुनीने. तिन्ही ठिकाणी दाखविणारा जगाच्या मापाने लहान होता. आपल्याहून मोठ्याकडून ऐकून घेणे सोपे असते. लहानाकडून ऐकून घेण्यात मात्र माणसाची परीक्षा होते.

संस्थेच्या पन्नास वर्षांकडे पाहताना हा विचार अप्रस्तुत ठरू नये. तिथी, क्रिया आणि परंपरा यांवरून समाजात वाद होतात, तेव्हा प्रत्येक पक्ष आपल्यापाशी पूर्ण ज्ञान असल्यासारखा बोलतो. ज्या शासनाचे गणधर श्रावकाच्या दारी क्षमा मागण्यास गेले, त्या शासनाचे अनुयायी एकमेकांच्या उपाश्रयाची पायरी चढण्यास कचरतात, ही खेदाची गोष्ट होय. पाठशाळेतील मुले प्रश्न विचारतात, तेव्हा त्यांना गप्प बसविण्याऐवजी ‘हे ठाऊक नाही, महाराजसाहेब किंवा साध्वीजींना विचारू’ असे सांगणारा वडीलधारा मुलांच्या श्रद्धेला धक्का देत नाही. तो त्यांना श्रद्धेचा खरा मार्ग दाखवितो. आणि ज्या परंपरेने एका साध्वीच्या स्वरातून हरिभद्रसूरी मिळविले, तिने साध्वीजींच्या शास्त्राध्ययनाची सोय पाहणे हे कर्तव्य मानले पाहिजे.

दरवर्षी संवत्सरीला ‘मिच्छा मि दुक्कडम्’ म्हणताना मनाने, वचनाने आणि कायेने झालेल्या दोषांची क्षमा मागितली जाते. जे आपल्याला ठाऊक नव्हते ते ठाऊक असल्यासारखे बोललो, हाही वचनाचाच दोष आहे. त्याचीही आलोचना त्या दिवशी व्हावी. चितोडच्या राजमार्गावर थांबून, मला समजले नाही असे म्हणणाऱ्या पुरोहिताला त्या एका वाक्याने आचार्य केले, आणि आचार्य झाल्यावरही त्यांनी ते वाक्य विस्मरणात जाऊ दिले नाही.